समान दाम, बंद दार

मुंबईच्या कापडगिरण्यांत १९२०च्या दशकात दर पाच कामगारांमागे एक बाई होती. रीळ आणि वाइंडिंग ही खाती तर बायकांचीच म्हणून ओळखली जात. १९८२चा मोठा संप झाला तेव्हा याच गिरण्यांत बाई कामगार शोधावी लागत होती. मधल्या साठ वर्षांत बायकांच्या हिताचे कायदे कमी झाले नव्हते, उलट एकामागून एक वाढत गेले होते. बाळंतपणाची पगारी रजा आली, रात्रपाळीतून सुटका झाली, पाळणाघराची सक्ती आली, समान वेतनाचा कायदाही आला. हक्क वाढले आणि हक्क सांगणाऱ्या बायका मात्र गिरणीतून नाहीशा झाल्या. असे का झाले, हे नीट समजून घेतल्याशिवाय नोकरीतल्या स्त्री-आरक्षणावर बोलू नये असे मला वाटते. आपल्याकडे हा वाद नेहमी ‘गुणवत्ता की सवलत’ एवढ्याच खुंटीभोवती फिरतो. गिरण्यांचा इतिहास त्याहून मूलभूत गोष्ट सांगतो: बाईला हक्क द्यायचे, त्या हक्कांचा खर्च एकट्या मालकावर टाकायचा आणि नोकरीवर कोणाला घ्यायचे हे मात्र त्याच्याच मर्जीवर सोडायचे, असे केले की तो हक्कच तिच्या तोंडावर दार लावून घेतो. दार उघडे ठेवण्याची सक्ती म्हणजे आरक्षण. संरक्षणाच्या कायद्यांची ती दुसरी बाजू आहे, आणि ती आपण फार उशिरा आणि अर्धवट आणली.

त्या काळच्या गिरणीतले बाईचे काम कसे होते ते आधी पाहू. रीळ खात्यात सुताच्या लडी करायच्या. दिवसभर उभे राहायचे, तुटलेला धागा सांधायचा, आणि केलेल्या कामाच्या मापावर मजुरी घ्यायची. भरती नाईकिणीच्या हातात, म्हणजे बायकांवर नेमलेल्या मुकादमिणीच्या हातात. तिची मर्जी गेली की काम गेले. तान्ही मुले असलेल्या बाया निघण्यापूर्वी मुलाला अफूची बाळागोळी देत, म्हणजे ते दिवसभर गुंगीत पडून राहील. मुंबई सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांनी १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला गिरणकामगार बायकांच्या बाळंतपणांची पाहणी केली, तेव्हा ही गोष्ट सरकारी कागदावर आली. या बाया मुक्या नव्हत्या. २१ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर नारायण मेघाजी लोखंडे यांनी साप्ताहिक सुट्टीसाठी भरवलेल्या सभेत सुमारे दहा हजार कामगार जमले होते आणि त्या सभेत दोन कामगार बायका बोलल्या. त्याच वर्षी जूनमध्ये गिरणीमालकांना आठवड्याची सुट्टी मान्य करावी लागली. १९२८–२९च्या संपांत पार्वतीबाई भोर आणि उषाबाई डांगे यांच्यासारख्या बायका पुढे होत्या. स्त्रियांना हक्क आयते मिळाले, त्यांनी लढा दिलाच नाही, असे मानणाऱ्यांनी हा भाग वाचलेला नसतो.

या लढ्यातून आणि त्या पाहण्यांतून १९२९चा मुंबई प्रसूती लाभ कायदा आला. बाळंतपणाच्या आधी तीन आणि नंतर चार आठवडे, रोज आठ आणे. आजच्या मानाने ही रक्कम किरकोळ वाटेल, पण पोट हातावर असणाऱ्या बाईला सात आठवडे काम न करता पैसे मिळणे ही त्या वेळी केवढी तरी मोठी गोष्ट होती. या विधेयकावर जुलै १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात चर्चा झाली तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूने बोलले. बाळंतपणात आईला विश्रांती मिळणे हे देशाच्या हिताचे आहे, म्हणून तो भार मुख्यतः सरकारने उचलला पाहिजे. मात्र बाईला कामावर ठेवण्यात मालकाचाही फायदा असतो, म्हणून त्यालाही त्यातून मोकळे सोडता येणार नाही, असा त्यांचा मुद्दा होता. त्यातला पहिला भाग कायद्यात उतरला नाही. सगळा खर्च मालकावर पडला.

पुढे काय झाले त्याची नोंद सरकारी समित्यांनीच करून ठेवली आहे. १९४४ मध्ये डी. व्ही. रेगे यांच्या अध्यक्षतेखाली कामगार चौकशी समिती नेमली गेली. गरोदरपणाची चाहूल लागताच बाईला कामावरून कमी करण्याचा आणि भरती करताना अविवाहित मुली, विधवा किंवा वय उलटलेल्या बायका पसंत करण्याचा मालकांचा कल या समितीने नमूद केला. मालकाचा हिशेब सरळ होता. पुरुष घेतला तर आठ आणे नाहीत, रजा नाही, पाळणाघर नाही. आणि तो रात्रीही येतो. १८९१ पासूनच्या फॅक्टरी कायद्यांनी बायकांच्या तासांवर आणि रात्रीच्या कामावर बंधने घातली होती. १९४८च्या कारखाने कायद्याच्या ६६व्या कलमाने संध्याकाळी सात ते सकाळी सहा बाईला कारखान्यात मनाई केली. राज्य सरकारला थोडी सूट देता येत होती, पण रात्री दहा ते पहाटे पाच कोणत्याही सबबीवर नाही. गिरण्या दोन आणि तीन पाळ्यांत चालू लागल्यावर ज्या कामगाराला रात्रपाळी लावता येत नाही तो मालकाला अडचणीचा वाटू लागला. यंत्रे बदलली, रीळ खाते आकसले, ‘सुधारणे’च्या नावाखाली माणसे कमी झाली, हेही खरे. सगळा दोष कायद्यांवर टाकणे चूक ठरेल. पण यंत्रे विणकामात आणि कताईतही बदलली होती. तिथले पुरुष नव्या यंत्रांवर गेले, आणि रिळावरची बाई नव्या यंत्रावर न जाता घरी गेली. का, याचे उत्तर यंत्रात नाही. कोणाला ठेवायचे हे ठरवणाऱ्याच्या हिशेबात ते आहे. आणि कामगार संघटनांनीही, पुरुष हाच घरचा कमावता हे गृहीत धरून, हा हिशेब बराच काळ मुकाट्याने मान्य केला.

स्वातंत्र्यानंतरची न्यायालयीन लढाई पाहिली तर तिचाही आकार असाच दिसतो. सी. बी. मुथम्मा १९४९ मध्ये परराष्ट्र सेवेत आल्या, त्या सेवेत आलेल्या पहिल्या स्त्री. स्त्री अधिकाऱ्याने लग्नापूर्वी सरकारची लेखी परवानगी घ्यावी आणि लग्नामुळे कामावर परिणाम होतो असे सरकारला वाटले तर राजीनामा द्यावा, असे नियम तेव्हा पुस्तकात होते. १९७९ मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या नियमांवर कडक शब्दांत टीका केली. एअर इंडियाच्या हवाई सुंदरींना पस्तिसाव्या वर्षी, नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केल्यास किंवा पहिल्याच गरोदरपणात नोकरी सोडावी लागे. त्याच विमानात काम करणारे पुरुष अठ्ठावन्नपर्यंत राहत. १९८१च्या नर्गेश मिर्झा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने गरोदरपणाची अट रद्द केली, पण पस्तीस वर्षांची मर्यादा आणि लग्नाची अट योग्य ठरवली. मुंबईतल्या मॅकिनन मॅकेन्झी कंपनीतल्या लघुलेखिका ऑड्रे डिकॉस्टा यांना त्याच कामासाठी पुरुष लघुलेखकांपेक्षा कमी पगार होता. कंपनीचा बचाव होता की हा फरक कामगार संघटनेशी झालेल्या करारातून आला आहे. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बचाव फेटाळला आणि समान वेतन कायदा लागू केला. या तिन्ही खटल्यांचे मोल मोठे आहे. पण तिन्ही वेळा न्यायालयात गेलेली स्त्री आधीच नोकरीत होती. तिच्याकडे नेमणुकीचे पत्र होते, शेजारच्या टेबलावरच्या पुरुषाची वेतनचिठ्ठी होती, सेवानियमांची प्रत होती. जिला मुलाखतीनंतर कधी बोलावलेच गेले नाही, तिच्याकडे यातले काय असते? आपल्याला का नाकारले हे तिला कळतही नाही. १९७६च्या समान वेतन कायद्याच्या पाचव्या कलमाने भरतीतही भेदभाव करायला मनाई केली होती. पण नाकारलेल्या बाईने तो भेदभाव सिद्ध करायचा म्हणजे मालकाच्या मनातले सिद्ध करायचे. पगाराची तुलना कागदावर दाखवता येते. न झालेल्या भरतीची तुलना कशाशी करणार?

म्हणून भरतीच्या दाराशी काही निश्चित आकडा असणे भाग पडते. आपल्या स्त्री-चळवळीने हे सहज मान्य केलेले नाही, आणि तो इतिहास प्रामाणिकपणे सांगितला पाहिजे. डिसेंबर १९४६ मध्ये संविधान सभेत हंसा मेहता यांनी स्पष्ट सांगितले की स्त्रियांनी कधीही राखीव जागा मागितलेल्या नाहीत; त्यांना हवा आहे तो सामाजिक, आर्थिक आणि राजकीय न्याय. त्या पिढीचा स्वाभिमान त्यात होता. स्वतंत्र देशात कायदा समान झाला की बाकीचे आपोआप होईल, ही श्रद्धाही होती. अठ्ठावीस वर्षांनी स्त्रियांच्या स्थितीचा अभ्यास करणाऱ्या समितीने १९७४ मध्ये आपला अहवाल दिला तेव्हा ती श्रद्धा ढासळली होती. कामकरी स्त्रियांचे प्रमाण घटत होते, राजकारणातल्या स्त्रिया कमी होत होत्या. तरी बहुमताने समितीने विधिमंडळातल्या राखीव जागा नाकारल्या. लोतिका सरकार आणि वीणा मजुमदार यांनी मात्र भिन्नमत नोंदवले. आरक्षणाला त्यांचाही आधी विरोध होता, पण देशभर फिरून जे पाहिले त्याने त्यांचे मत बदलले. ज्यांनी पुरावा पाहून आपली जुनी भूमिका सोडली, त्यांचे म्हणणे अधिक वजनदार मानावे असे मला वाटते.

संविधानाने वाट मोकळी ठेवलेलीच होती. पंधराव्या अनुच्छेदाच्या तिसऱ्या खंडाने स्त्रियांसाठी विशेष तरतूद करण्याची मुभा राज्याला दिली आहे. आंध्र प्रदेशाने सरकारी नोकऱ्यांत स्त्रियांना तीस टक्के जागा दिल्या, त्याला आव्हान मिळाले, आणि १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती तरतूद याच खंडाच्या आधारे वैध ठरवली. महाराष्ट्राने १९९४ मध्ये देशातले पहिले महिला धोरण जाहीर केले आणि शासकीय सेवेत स्त्रियांसाठी तीस टक्के समांतर आरक्षण आणले.

‘समांतर’ या शब्दात बरेच काही आहे, आणि आरक्षणाला विरोध करणारे बहुतेक जण तिथेच चुकतात. समजा, शंभर जागा आहेत आणि तीस स्त्रियांसाठी. आधी गुणांप्रमाणे यादी लागते. त्या यादीत स्वतःच्या गुणांवर तीस स्त्रिया आल्या असतील तर एकाही पुरुषाची जागा जात नाही आणि एकाही स्त्रीला जास्तीची जागा मिळत नाही. बावीसच आल्या असतील तर उरलेल्या आठ जागांपुरतेच यादीत खालून बदल होतात. सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये राजस्थानच्या एका प्रकरणात ही पद्धत बारकाईने समजावून सांगितली आहे. म्हणजे ज्या खात्यात स्त्रिया आपल्या बळावर पुरेशा संख्येने येऊ लागतात, तिथे हे आरक्षण आपोआप निष्क्रिय होते. ते रद्द करण्यासाठी आंदोलनाची गरज पडत नाही. जिथे दार खरोखर बंद आहे तिथेच ते काम करते. आरक्षण कायमचे होऊन बसते ही तक्रार ज्यांची आहे त्यांनी निदान या रचनेकडे लक्ष द्यावे.

गुणवत्तेचा आक्षेप याहून गंभीर आहे आणि त्याला उत्तर दिलेच पाहिजे. गुण मोजायची पट्टी सर्वांना सारखी आणि निर्दोष असेल तर तिच्यात हस्तक्षेप का करावा, असा तो प्रश्न आहे. पण पट्टी कोणाच्या मापाने कापली आहे हे पाहिले पाहिजे. लष्करातल्या स्त्री अधिकाऱ्यांना कायम सेवा नाकारू नका असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १७ फेब्रुवारी २०२० रोजी दिला. त्यानंतर झालेल्या निवडीत अनेक स्त्रिया ‘निकषांवर’ बाद झाल्या. त्या पुन्हा न्यायालयात गेल्या आणि मार्च २०२१च्या नितीशा प्रकरणात ते निकष उघडे पडले. पुरुष अधिकाऱ्यांची वैद्यकीय चाचणी तिशीच्या आत-बाहेर होत आली होती; याच स्त्रियांना ती संधी तेव्हा नाकारली गेली होती, आणि आता चाळिशी-पन्नाशीत त्यांच्याकडून तीच शारीरिक पातळी मागितली जात होती. त्यांचे वार्षिक गोपनीय अहवालही, त्यांना पुढे बढती मिळणारच नाही हे गृहीत धरून, निष्काळजीपणे लिहिलेले होते. कागदावर निकष सर्वांना एकच. परिणाम एकाच बाजूला. न्यायालयाने याला अप्रत्यक्ष भेदभाव म्हटले आणि तो शब्द आपल्या चर्चेत कायमचा यायला हवा. महाराष्ट्र पोलीस भरतीत पहाटे मैदानावर मुले सोळाशे मीटर धावतात, मुली आठशे. मुलांचा गोळा सव्वासात किलोचा, मुलींचा चार किलोचा. यावर ‘मग समानता कुठे राहिली’ असे विचारले जाते. ज्यांना हा प्रश्न पडतो त्यांनी हवालदाराच्या कामाचा एक दिवस डोळ्यांसमोर आणावा. बलात्कारपीडितेचा जबाब स्त्री अधिकाऱ्याने नोंदवावा असे कायदा सांगतो. सूर्यास्तानंतर एखाद्या स्त्रीला अटक करायची तर अपवादात्मक परिस्थितीत, आणि तीही स्त्री अधिकाऱ्याच्याच हातून. घरातल्या मारहाणीची तक्रार घेऊन रात्री आलेली बाई ठाण्यात पुरुषच पुरुष पाहून परत जाते, तेव्हा सोळाशे मीटर धावू शकणारा शिपाई तिच्या कामाचा नसतो. नोकरीला लागणारी क्षमता जितकी नीट तपासू, तितकी गोळ्याच्या वजनाची चर्चा मागे पडते.

दुसरा आक्षेप डाव्या बाजूने येतो: या जागा शेवटी शिकलेल्या, शहरी, उच्चवर्णीय बायकाच घेतात. यात तथ्य आहे, आणि त्याचे उत्तर आरक्षण काढून टाकण्यात नसून ते नीट राबवण्यात आहे. उत्तर प्रदेशातल्या पोलीस शिपाई भरतीत इतर मागासवर्गातल्या सोनम तोमर यांना २७६ हून अधिक गुण होते. खुल्या गटात निवडली गेलेली शेवटची स्त्री २७४च्या घरात होती. तरी तोमर यांना नेमणूक मिळाली नाही, कारण खुल्या गटातल्या स्त्रियांच्या जागा जणू उच्चवर्णीय स्त्रियांसाठीच राखीव आहेत असे सरकारने धरले होते. १८ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे चुकीचे ठरवले. खुला गट सर्वांचा आहे. त्यातल्या स्त्रियांच्या जागेवर अधिक गुणांची कोणत्याही जातीची स्त्री येऊ शकते. महाराष्ट्रातही २०१४च्या एका परिपत्रकाने मागासवर्गीय स्त्रियांना खुल्या गटातल्या स्त्रियांच्या जागांपासून दूर ठेवले होते, आणि वर्षानुवर्षे उच्च न्यायालयात खेटे घालून मुलींना आपला हक्क मिळवावा लागला. जातीचा भेद स्त्री-आरक्षणाच्या आडून परत आत शिरतो, हा धडा आपण लक्षात ठेवलाच पाहिजे. सावित्रीबाई फुले आणि फातिमा शेख यांच्या भूमीत तो विसरला जावा, ही लाजेची गोष्ट आहे.

आरक्षणातून आलेली बाई नामधारी असते, सगळे तिचा नवरा पाहतो, हा आक्षेप गावोगाव ऐकू येतो. पहिल्या फेरीत असे अनेकदा झाले हे नाकारून चालणार नाही. पण पुढच्या फेरीचे काय? मुंबई महापालिकेचाच पुरावा आहे. राज्यशास्त्रज्ञ रिखिल भावनानी यांनी १९९७ आणि २००२च्या निवडणुका अभ्यासल्या. वॉर्ड चिठ्ठी टाकून राखीव होत असल्याने तुलना चोख होती. १९९७ मध्ये स्त्रियांसाठी राखीव असलेले आणि २००२ मध्ये खुले झालेले वॉर्ड त्यांनी घेतले, आणि त्यांची तुलना दोन्ही वेळा खुल्या राहिलेल्या वॉर्डांशी केली. आधी राखीव असलेल्या वॉर्डात, आरक्षण उठल्यानंतरही, स्त्री निवडून येण्याची शक्यता सुमारे पाचपट होती. एकदा दार उघडले की आत आलेली बाई काम शिकते, पक्षाला तिची सवय होते, मतदारांना ती नगरसेवक म्हणून दिसू लागते. नामधारीपणाचा दोष खरा असेल तिथे तो रचनेने दूर करता येतो. कंपन्यांच्या संचालक मंडळावर निदान एक स्त्री असावी असे २०१३च्या कायद्याने सांगितल्यावर अनेक घराण्यांनी आपलीच सून किंवा मुलगी बसवली. मग सेबीने मोठ्या सूचीबद्ध कंपन्यांना स्वतंत्र स्त्री संचालक सक्तीची केली, २०१९ मध्ये पहिल्या पाचशे आणि २०२० मध्ये पहिल्या हजार कंपन्यांना. नियम बदलला की घरची माणसे पुरेनाशी होतात. दुसरीकडे आरक्षणाशिवाय एखादी असामान्य बाई येते आणि आपण तिच्यावर लेख लिहितो. साताऱ्याच्या सुरेखा यादव १९८०च्या दशकाअखेर पहिली स्त्री म्हणून रेल्वे इंजिन चालवू लागल्या, २०२३ मध्ये त्यांनी सोलापूर–मुंबई वंदे भारत चालवली. त्यांचा अभिमान वाटायलाच हवा. पण त्यानंतर इतकी वर्षे लोटूनही इंजिनात बाई दिसली की बातमी होते, तर ते पहिलेपण कोणाच्या उपयोगी पडले?

आरक्षणाची मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे सांगितली पाहिजे. देशातल्या दर तीन कामकरी स्त्रियांतल्या सुमारे दोन स्वयंरोजगारात मोजल्या जातात. त्यात घरच्या शेतीवर बिनपगारी राबणाऱ्याच फार. त्यांच्यापर्यंत भरतीची यादी पोहोचतच नाही. बीडहून ऊसतोडीला जाणारी बाई तर एकटी मोजलीही जात नाही. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. उचल त्या कोयत्याची, हिशेब मुकादम आणि नवरा यांच्यात. एक दिवस खाडा झाला तर दंड. पाळीच्या आणि पोटाच्या दुखण्यात खाडा नको म्हणून गर्भाशयच काढून टाकण्यापर्यंत मजल गेली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसाठी २०१९ मध्ये झालेल्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. इथे तीस टक्क्यांचा नियम काय करणार? इथे उपयोगी पडेल तो दुसरा धडा, आणि तोही महाराष्ट्रातच आहे. १९७२च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली रोजगार हमी योजना १९७९ पासून कायदा म्हणून अमलात आली. काम मागणाऱ्याला काम देणे सरकारला बंधनकारक होते, म्हणजे दारावर मुकादम नव्हता. दर कामाच्या मापावर, बाई-पुरुष भेद नाही. आणि या योजनेचा खर्च भागवण्यासाठी १९७५ पासून शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसवला गेला. दार उघडे आणि भार सगळ्यांनी मिळून उचललेला: रोजगार हमीच्या कामांवर बायका इतक्या मोठ्या संख्येने का आल्या, याचे कारण या दोन गोष्टींत आहे. पुढे केंद्राच्या रोजगार हमीत स्त्रियांना एक-तृतीयांश वाटा ठरवला गेला, आणि देशभरात प्रत्यक्षात निम्म्याहून अधिक मनुष्यदिवस स्त्रियांचे भरले.

या कसोटीवर २०१७ची प्रसूती लाभ दुरुस्ती पाहावी. रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर गेली, पन्नास किंवा त्याहून अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर बंधनकारक झाले. बाईच्या शरीराला आणि बाळाला ही रजा हवीच होती. ती कमी करा असे कोणी म्हणू नये. पण सव्वीस आठवड्यांचा पूर्ण पगार पुन्हा एकट्या मालकाच्या माथी आला. कर्मचारी राज्य विम्याखाली येणाऱ्या कामगार स्त्रीला हा लाभ विमा निधीतून मिळतो, पण ती मर्यादा महिना एकवीस हजार रुपये पगाराची. त्यावर पगार असलेल्या, लहान शाळेत, दवाखान्यात, वकिलाच्या कचेरीत, चाळीस माणसांच्या कारखान्यात काम शोधणाऱ्या तरुण मुलीला मालक आज तोच हिशेब लावतो, जो १९२९ नंतरच्या गिरणीमालकाने लावला होता. फरक इतकाच, की आता गरोदर बाईला काढता येत नाही, म्हणून तिला घेतलेच जात नाही.

तेव्हा महाराष्ट्र सरकारने दोन गोष्टी कराव्यात, आणि त्या एकत्रच कराव्यात. तीस टक्के समांतर आरक्षणाच्या न भरलेल्या जागा पुरुष उमेदवारांकडे वळवण्याऐवजी पुढच्या भरतीत ओढून घ्याव्यात, आणि प्रत्येक खात्यात प्रत्यक्ष किती स्त्रिया आहेत हा आकडा दरवर्षी विधिमंडळासमोर ठेवावा. आणि बाळंतपणाच्या रजेचा खर्च उचलणारा राज्य निधी उभारावा, ज्यात सर्व मालक, मग त्यांच्याकडे एक बाई असो वा शंभर, कामगारांच्या एकूण संख्येप्रमाणे वाटा भरतील आणि उरलेला भार सरकार उचलेल. व्यवसाय कर याच राज्याने एका मोठ्या हक्काचा खर्च भागवण्यासाठी बसवला होता, तो आजही गोळा होतो. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात सरकारचा म्हणून सांगितलेला भार अजून सरकारने उचललेला नाही.